लागलं की धरायचं

चूक एवढीशीच होती.
'पेक्षा लहान' या चिन्हाच्या पायाशी
एक आडवी रेघ हवी होती, ती नव्हती.
त्यामुळे शेवटचा बिंदू दरवेळी
उंबऱ्यापर्यंत येऊन मुकाट परत जायचा.

मला कळलं ते यमुना गावितमुळे.
एम.एस्सी. भाग दोन, पेठहून एसटीनं येणारी.
गोदावरीच्या पातळीचे तासातासाचे आकडे घेऊन
ती स्टाफरूमच्या दारात उभी:
"मॅडम, पहाटे पाचचं पाणी कुठं गेलं?"
चोवीस आकडे घातले होते,
वक्र तेविसाव्यावरच थांबला होता.
मी म्हणाले, तूच चुकली असशील.
शिक्षक पहिल्यांदा हेच म्हणतो.

रात्री गंगापूर रोडच्या घरात
इस्त्रीचे कपडे खुर्चीवरून खाली ठेवून
मी ती फाईल उघडली.
माझ्या लग्नाच्या वर्षी कुणीतरी लिहिलेली,
जगभरातले वक्र अजून तिच्यावर टेकून असतात.
वरती लिहिणाऱ्याचीच टीप होती:
टोकाचं नंतर बघू.
तेव्हापासून कुणी बघितलं नव्हतं.

रेघ घालायला अर्धा सेकंद.
पण घालावी का, हा प्रश्न गणिताचा नव्हता.
टोक आत धरावं की बाहेर,
दोन्ही बाजूंनी पोथ्या सापडतात.

शनिवारी पातेलं घेऊन भांडी बाजारात गेले.
दत्तोपंत तांबट कल्हई करत होते, नवसागराचा धूर.
विचारलं, पुरात दुतोंड्या मारुतीच्या
गुडघ्याला पाणी लागलं,
म्हणजे गुडघ्यापर्यंत आलं, की यायचंय अजून?
त्यांनी माझ्याकडे पाहिलं,
प्राध्यापकांकडे पाहतात तसं.
"लागलं की धरायचं.
आम्ही लागलं की खालची फळी रिकामी करतो.
विचार करत बसलं तर पराती
तपोवनात शोधायला जावं लागतं."

रेघ घातली.
ट्रॉन्डहाइमच्या कुणा हाल्वरनं कळवलं:
छान, पण चाचण्या कुठे आहेत?
मग सात चाचण्या लिहिल्या.
एकीत यमुनाची ती रात्र घातली
जशीच्या तशी, पहाटे पाचसकट.
त्यानं विचारलं, हे आकडे कशाचे?
नदीचे.
नाव काय नदीचं? चाचणीला नाव लागतं.

अकरा आठवड्यांनी रेघ आत गेली.
तेव्हा मी हॉल क्रमांक चारवर सुपरव्हिजनला होते.
तिसऱ्या बाकावरचा मुलगा बाहीत बघत होता.
त्याला काही म्हटलं नाही.

मार्चमध्ये बढतीचा फॉर्म आला.
शोधनिबंध, पुस्तक, परिसंवाद, श्रमदान शिबिर.
रेघेला रकाना नव्हता.
प्राचार्यांनी चष्मा कपाळावर चढवला.
"याचे पैसे मिळतात?"
नाही.
"प्रमाणपत्र?"
नाही.
"मग 'इतर'मध्ये टाका. एका ओळीत बसवा."
ओळ तरी कुठे होती ती.

यमुना आता सुरगाण्याला शाळेवर आहे.
तिला फोन करून सांगितलं, तुझी रात्र
आता रोज कुठे ना कुठे धावते.
ती म्हणाली, "मॅडम, पाच वाजेपर्यंत?"
हो. पाच वाजेपर्यंत.
मागे पोरं पाढे म्हणत होती, फोन तुटला.

आणि परवा लिमाहून कुणाचं पत्र:
तुमच्या रेघेमुळे आमचा शेवटचा बिंदू
दोनदा मोजला जातोय.
इतकी वर्षं तो आम्ही बाहेरून, हातानं जोडत होतो.

म्हणजे त्यांना ठाऊक होतं.
त्यांनी आपापली फळी
गुपचूप वर नेली होती,
शेजारच्या दुकानाला न सांगता.
मला राग यायला हवा होता.
मी चहा ठेवला.

रात्रीचे अकरा. धरणातून पाणी सोडलंय,
मारुतीच्या घोट्याला लागलंय म्हणे.
कपडे पुन्हा खुर्चीवर आहेत.
ते उचलते. फाईल उघडते.
खालची फळी आधी.